आधी कोण थांबणार, तेवढं लिहा

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत आपापल्या देशाच्या वतीने वाटाघाटी करणारे सर्व प्रतिनिधी

महोदय, महोदया,

१३ डिसेंबर २०२३ची दुबईतली सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. जागरणाने डोळे तारवटलेले, परिषदेची मुदत एक दिवस उलटून गेलेली. अध्यक्ष सुलतान अल जाबेर यांनी बैठक सुरू केली आणि काही मिनिटांतच हातोडा आपटला. निर्णय मंजूर, टाळ्या. त्या ओसरल्यावर सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन बोलू लागल्या. ३९ छोट्या बेटांच्या देशांची बाजू त्या मांडत होत्या. आमचं आपापसात बोलणं अजून चालू होतं, आम्ही सभागृहात आलोच नव्हतो आणि तुम्ही हातोडा मारून मोकळे झालात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग त्यांच्यासाठीही टाळ्या झाल्या, त्याही उभं राहून. ज्यांच्या उंबऱ्याशी समुद्र येऊन ठेपलाय त्यांना वगळून निर्णय झाला आणि त्यांच्या तक्रारीचंही कौतुकच झालं. हातोडा मात्र पुन्हा उचलला गेला नाही.

मी कुठल्याही शिष्टमंडळात नाही. काहींना शब्दकोडं सोडवायची सवय असते, तशी मला तुमचे मसुदे वाचायची लागली आहे. न ठरलेला शब्द चौकोनी कंसात घालायचा, ही तुमची पद्धत आता चांगलीच ओळखीची झाली आहे. एकेका वाक्यात पाच-पाच कंस. खाली पर्याय एक, पर्याय दोन, आणि हटकून शेवटी एक पर्याय असा की इथे मजकूरच नको. जीवाश्म इंधनांची गोष्ट आली की हा शेवटचा पर्याय जिंकतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी मसुदा मागूनच वाचायला घेतो.

दुबईत तो हरला, हे कबूल करतो. परिच्छेद २८, पोटकलम ड. ऊर्जाव्यवस्थेत जीवाश्म इंधनांपासून न्याय्य, सुव्यवस्थित आणि समतोल रीतीने दूर जावं, या निर्णायक दशकात त्याला वेग द्यावा. ऐकायला बरं वाटतं. पण मराठीत 'दूर जा' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, किती दूर, कधी, आणि आधी कोण? तुमच्या वाक्यात या तिन्हींची नेमकी उत्तरं नाहीत. त्यात 'संपवणे' नाही, 'घटवणे'ही नाही. दूर जाणं तेवढं आहे. एक पाऊल मागे सरून दहा वर्षं तिथेच उभं राहिलेला माणूसही दूर गेलेलाच असतो. लगेच पुढच्या परिच्छेदात 'संक्रमणकालीन इंधनांना' जागा करून दिली आहे, म्हणजे नैसर्गिक वायूला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात त्यातला प्रकार. वीट मऊ असेल, पण डोक्यात घालायची तर तीही वीटच.

या एका वाक्यापर्यंत यायला तुम्हाला किती वर्षं लागली? हवामानाचा मूळ करार १९९२चा. २०१५च्या पॅरिस करारात कोळसा नाही, तेल नाही, 'जीवाश्म इंधन' हा शब्दही नाही. जगाला ताप कशाने चढला त्या कारणाचं नाव टाळून त्यावरचा सर्वांत मोठा करार लिहिला गेला. नमनालाच घडाभर तेल गेलं म्हणावं, तर इथे तेलाचं नावही निघालं नव्हतं. २०२१ साली ग्लासगोत कोळसा पहिल्यांदा कागदावर आला. शेवटच्या घटकेला भारताच्या भूपेंद्र यादवांनी 'बंद करणे' काढून 'कमी करणे' घालायला लावलं, अध्यक्ष आलोक शर्मांचा गळा दाटून आला, आणि दुसऱ्या दिवशी जगभर एकच बातमी होती, की भारताने घात केला.

या प्रसंगाबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण तुमचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. 'कमी करणे' हा शब्द भारताने ऐनवेळी खिशातून काढलेला नव्हता. तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीन यांनी संयुक्त निवेदन काढलं होतं, त्यात कोळशासाठी हाच शब्द होता. तेव्हा कोणाचा गळा दाटला नाही. आणि मसुद्यात बोट ठेवलं होतं ते फक्त कोळशावर. गरीब देशांच्या जमिनीत बहुधा जे असतं त्याचं नाव घ्यायचं आणि श्रीमंतांच्या मोटारी व घरं ज्यावर चालतात ते तेल आणि वायू सोडून द्यायचे, याला समतोल म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत भारताने सुचवलं की मग सगळीच जीवाश्म इंधनं घ्या. ती सूचना अंतिम मजकुरात आली नाही. यामुळे भारताचा कोळसा निर्मळ ठरतो असं नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, मग तो कोणाच्याही खाणीतला असो. पण ज्याने बोट दाखवलं त्याचा हात कुठे होता, हेही बघायला हवं ना?

त्या हाताबद्दल बोलू. अमेरिका २०१८पासून जगातली सर्वांत मोठी कच्च्या तेलाची उत्पादक आहे आणि २०२३ साली द्रवरूप नैसर्गिक वायूची सर्वांत मोठी निर्यातदारही झाली. या काळात व्हाइट हाउसमध्ये दोन्ही पक्षांचे अध्यक्ष बसून गेले. पॅरिस करारातून त्या देशाने बाहेर पडणं, परत येणं, पुन्हा बाहेर पडणं हे सगळं झालं. विहिरींवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, याचं कौतुक मीही करतो. त्याच नॉर्वेचं तेल आणि वायू जहाजांतून व नळांतून बाहेर जातात आणि बाहेर जाळले जातात. तुमच्या हिशेबाच्या पद्धतीत तो धूर जाळणाऱ्याच्या खात्यावर पडतो, काढणाऱ्याच्या नाही. आपलं ठेवायचं झाकून, अशी ही वहीच आखलेली आहे. त्यामुळे कोण किती जाळतो यावर तीस वर्षं भांडण झालं, पण कोण किती खणतो हा प्रश्न टेबलावर येईपर्यंत चहाची वेळ होते. सरकारांनी आखलेलं २०३०चं जीवाश्म इंधनांचं उत्पादन तापमानवाढीच्या दीड अंशाच्या मर्यादेत बसणाऱ्या पातळीपेक्षा १२० टक्क्यांनी जास्त आहे, असं २०२५च्या उत्पादन-तफावत अहवालात म्हटलं आहे. दुपटीहूनही जास्त. ही सरकारं म्हणजे तुम्हीच.

दुसऱ्या टोकाला इराक घ्या. तिथल्या सरकारच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा तेलाचा. शिक्षकांचा पगार, दवाखाने, पेन्शन, सगळं त्यातूनच. नॉर्वेने थांबायचं ठरवलं तर त्याच्या गाठीला जगातला सर्वांत मोठा सरकारी गुंतवणूक निधी आहे. इराकने उद्या थांबायचं म्हटलं, तर परवा पगार होणार नाहीत. या दोघांना एकाच क्रियापदाखाली उभं करून 'सर्वांनी दूर जावं' म्हणायचं, आणि वर 'न्याय्य' हे विशेषण जोडायचं! रांग नसली की धक्काबुक्कीत दांडगाच पुढे राहतो. इथे उलटं आहे, शेवटचा थेंब विकेपर्यंत मागे राहण्यात फायदा आहे, आणि मागे राहायची ताकदही दांडग्यांकडेच आहे.

थांबण्याची किंमत मागून पाहिलेला एक देश आहे. त्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ती काढत नाही, म्हणून मी काढतो. इक्वेडोरच्या यासुनी अभयारण्याखाली ८० कोटी पिंपांहून अधिक तेल आहे. वर अ‍ॅमेझॉनचं जंगल, त्यात बाहेरच्या जगाशी संपर्क टाळून राहणारे लोक. २००७ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला, की आम्ही हे तेल जमिनीतच ठेवतो, त्यातून आम्हाला जे मिळालं असतं त्याच्या साधारण निम्मं तुम्ही द्या, तेरा वर्षांत ३६० कोटी डॉलर. भीक नव्हती ती, सौदा होता, आणि निम्मा तोटा स्वतः सोसायची तयारी दाखवून केलेला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निधीही उघडला. २०१३च्या ऑगस्टपर्यंत त्यात प्रत्यक्ष जमा झाले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. हजारातले चारही नाहीत. कोरेया यांनी योजना गुंडाळली, २०१६ साली तेल निघू लागलं. त्या सरकारचे हात अगदी स्वच्छ होते असं म्हणायचं नाही, दुसरा बेत त्यांनी आधीपासून तयार ठेवला होता असे आरोप तेव्हाही झाले. पण जगाने पैसे टाकले असते तर निदान तो बेत उघडा तरी पडला असता.

पुढे २०२३ साली तिथल्या नागरिकांनीच सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी हे तेल काढणं थांबवायला सांगितलं. कर्जाने वाकलेल्या देशातल्या लोकांनी, स्वतःच्या खजिन्याला खार लावून, मतपेटीत ते उत्तर टाकलं जे तुम्ही तीस वर्षं कंसात ठेवलंय. विहिरी बंद करायचं काम त्यानंतरही रेंगाळलं, कारण सरकारला पैसा हवाच होता. बेटांच्या प्रतिनिधींसाठी उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी यासुनीसाठी कोण उभं राहिलं?

न खणण्याबद्दल भरपाई ही कल्पनाच अव्यवहार्य आहे, असं तुमच्यापैकी अर्थखात्याकडून आलेले मला सांगतील. थांबा. ती भरपाई जगात मिळते, फक्त देशांना नाही, कंपन्यांना. १९९४ सालचा ऊर्जा सनद करार आहे. एखाद्या सरकारने धोरण बदललं आणि परदेशी गुंतवणूकदाराला तोटा झाला, तर त्याने लवादापुढे जाऊन सरकारकडून पैसे मागायचे. नेदरलँड्सने २०३०पर्यंत कोळशावरची वीज बंद करायचा कायदा केला, तर आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने २०२१ साली १४० कोटी युरोंचा दावा ठोकला. तो पुढे मागे घेतला हे खरं. इटलीने किनाऱ्याजवळ नवं तेल काढायला बंदी घातली आणि २०२२ साली लवादाने एका ब्रिटिश कंपनीला १९ कोटी युरोंच्या आसपास भरपाई देऊ केली. इटली तोवर त्या करारातून बाहेर पडून सहा वर्षं झाली होती, पण बाहेर पडल्यावरही वीस वर्षं जुन्या गुंतवणुकीला संरक्षण असं कलमच त्यात आहे. तो निवाडा २०२५ साली रद्द झाला. युरोपीय संघ आणि ब्रिटनही आता त्या करारातून निघाले आहेत, म्हणजे काही शहाणपण आलं. जर्मनीने तर दाव्याची वाट न पाहता तपकिरी कोळसा लवकर सोडण्याबद्दल आरडब्ल्यूईला २६० कोटी युरो द्यायचं ठरवलं. कंपनीला कोळसा न जाळण्याचे २६० कोटी, आणि जंगलाखालचं तेल न काढण्याबद्दल एका अख्ख्या देशाला सहा वर्षांत दीड कोटीही नाहीत. हे दोन आकडे एकाच पानावर लिहून बघा.

आता पैशाकडे येतो, जिथे तुमच्या बैठका सर्वांत लांबतात. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. ओईसीडी या श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबाने तो आकडा गाठला गेला २०२२ साली, आणि त्यातही कर्जच जास्त. २०२४ साली अझरबैजानच्या बाकूत नवा आकडा ठरला, २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. त्याच परिषदेच्या आरंभी यजमान राष्ट्राध्यक्षांनी तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचं सांगितलं होतं, ते असो. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या निर्णयाला दृष्टिभ्रम म्हटलं. मला तो शब्द पटतो, पण माझं कारण जरा वेगळं आहे.

कोळशाचं वीजकेंद्र उभारलं की इंधनाचे पैसे पुढची तीस-चाळीस वर्षं थोडेथोडे जातात. सौर प्रकल्पात ऊन फुकट, पण जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी. म्हणजे तो पैसा कर्जाऊ आणावा लागतो, आणि मग विजेचा भाव ठरतो तो व्याजावर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणण्यानुसार विकसनशील देशांत हा भांडवलाचा दर श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक पडतो. आफ्रिकेत ऊन सर्वांत जास्त, जगातली सुमारे वीस टक्के माणसं तिथे राहतात, आणि स्वच्छ ऊर्जेतल्या जागतिक गुंतवणुकीतले जेमतेम दोन टक्के तिथे पोचतात. ऊन तेच, पॅनेल तेच, वीज महाग, कारण सावकार वेगळा. आणि यावर तुमचा उपाय काय, तर आणखी कर्ज. २०२१ साली दक्षिण आफ्रिकेला कोळशापासून सुटण्यासाठी ८.५ अब्ज डॉलरची भागीदारी गाजावाजा करून जाहीर झाली. तपशील बाहेर आले तेव्हा त्यात अनुदान चार टक्क्यांच्या आसपास निघालं. २०२२ साली तिथलं कोमाटीचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद झालं. धुरांडी आधी थंड झाली, नव्या कामाची तयारी मागाहून निघाली, असं त्याच देशात उघडपणे बोललं गेलं. २०२५ साली अमेरिका त्या भागीदारीतून बाहेर पडली.

कामगारांचं नाव तुमच्या मजकुरात 'न्याय्य संक्रमण' म्हणून येतं आणि तिथेच थांबतं. २१ डिसेंबर २०१८ला बोट्रोप इथल्या प्रॉस्पर-हानिएल खाणीतून जर्मनीतल्या दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा वर आला. काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण दगडफेक नव्हती, कारण हा दिवस येणार हे २००७ सालीच ठरलं होतं. मध्ये अकरा वर्षं मिळाली. कोणाला लवकर निवृत्ती, कोणाला नवं शिक्षण, आणि खजिन्यात त्यासाठी पैसा. जर्मनीने तेव्हा दगडी कोळसा खणणं थांबवलं, जाळणं नाही, हे मला ठाऊक आहे. बाहेरून आणून ते चालूच होतं. मी त्या तुकड्याकडे बोट दाखवतोय ते एवढ्यासाठी, की एका खाणीला तारीख देता येते. नाव, साल, महिना. मग ती २८ (ड)ला का देता येत नाही?

चीनचं काय, हा प्रश्न येणारच. जगात सर्वाधिक कोळसा जाळणारा आणि सर्वाधिक सौर पॅनेल बनवणारा देश एकच आहे, आणि पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात त्याचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर. २०२५च्या एप्रिलमध्ये त्याने काही दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा मोटार कारखान्यांची धावपळ झाली. एका खुंट्यावरून सुटून दुसऱ्याला बांधून घ्यायचं का, ही शंका रास्त आहे. फक्त फरक लक्षात घ्या: तेलाचं जहाज अडलं तर साठा संपला की सगळं थांबतं, पॅनेलचं जहाज अडलं तर छतावरची जुनी पॅनेलं पंचवीस वर्षं वीज देत राहतात. पाकिस्तानने २०२४ साली सुमारे १७ गिगावॉटची पॅनेलं आयात केली, तीही मुख्यत्वे घरमालक आणि कारखानदारांनी, सरकारी घोषणेची वाट न पाहता. इथिओपियाने त्याच वर्षी पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची आयातच थांबवली. हवेपेक्षा परकीय चलन वाचवायला, असेल. कारण काहीही असो, तुमचं क्रियापद हलायच्या आधी ते निघाले.

शेवटी ब्राझीलमधल्या बेलेमची परिषद. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ऐंशीहून अधिक देशांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा आराखडा मागितला. अंतिम मजकुरात हे दोन शब्दसुद्धा आले नाहीत. पहिले पाढे पंचावन्न. ब्राझीलने आराखडा परिषदेच्या चौकटीबाहेर करू म्हटलं, कोलंबिया आणि नेदरलँड्सने सांता मार्ता या कोळशाच्या बंदराच्या गावी वेगळी परिषद बोलावल्याचं जाहीर केलं. सगळं बाहेर, कारण आत एकमत लागतं. ते का लागतं? तर मतदानाचा मसुदा नियम ४२ तुम्ही १९९५पासून आजवर मंजूरच केलेला नाही. तीस वर्षं तात्पुरत्या नियमांवर परिषद चाललीय आणि त्या एका न झालेल्या नियमापायी कोणाही तेलवाल्याला नुसती मान हलवून सगळं अडवता येतं. आधी तो नियम घ्या. ऐंशी देश स्वतंत्र खोलीत जमू शकतात, तर त्याच खोलीत मतदानाची मागणीही करू शकतात.

आता तर न्यायालयही बोललं आहे. २३ जुलै २०२५ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं, की जीवाश्म इंधनांचं उत्पादन, नव्या शोधाचे परवाने, अनुदानं यांतून हवामानाचं रक्षण करण्यात कसूर करणं हे राष्ट्राकडून घडलेलं आंतरराष्ट्रीय बेकायदा कृत्य ठरू शकतं. नुसता वापर नव्हे, उत्पादनसुद्धा, परवानेसुद्धा. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी २०१९ साली सुरू केलेली खटपट वनुआतू या बेटांच्या देशाने तिथवर नेली. तुमची झाकलेली वही त्यांनी उघडली.

तेव्हा माझं मागणं लहान आहे. पुढच्या मसुद्यात २८ (ड)खाली एक तक्ता घाला. डाव्या बाजूला नवे परवाने देणाऱ्या आणि इंधन विकणाऱ्या प्रत्येक देशाचं नाव, ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न जास्त तो वर. पुढे तीन रकाने: नवा परवाना शेवटचा कधी, शेवटची विहीर किंवा खाण कधी, आणि थांबण्याचे पैसे कोण देणार किंवा कोणाकडून घेणार. इराक आणि नॉर्वे यांच्या तारखा एकच असणार नाहीत, असूही नयेत. त्यावर भांडा, हवं तितकं जागा. आकडे ठरेनात तर रकान्यांत तुमचे ते चौकोनी कंस ठेवा, रिकामे. मी मसुदा नेहमीसारखा मागूनच वाचायला घेईन. तिथे 'मजकूर नको' हा पर्याय तेवढा नसू द्या.

आपला,
तुमचे मसुदे वाचणारा एक